वादळानंतरची चाळीस वर्षं

आजचं वाचन : १ इतिहास १७, विशेषतः वचन १६ आणि १७



दाविदाला देवासाठी मंदिर बांधायचं असतं. देव नाथानाकरवी निरोप पाठवतो की घर तू बांधायचं नाहीस, उलट मीच तुझं घराणं बांधीन. यावर दावीद वाद घालत नाही. आत जाऊन परमेश्वरासमोर बसतो आणि विचारतो की मी कोण, माझं घराणं काय, की तू मला इथपर्यंत आणलंस. मला यातलं ते 'बसणं' फार आवडतं. हिशोब लागत नाही तेव्हा माणूस असाच खाली बसतो.

१ जानेवारी १७७३ रोजी इंग्लंडमधल्या ऑल्नी नावाच्या छोट्या गावात एका पाळकाने नवीन वर्षाच्या उपदेशासाठी हीच दोन वचनं घेतली होती. त्याची एक सवय होती, उपदेशाला जोडून लोकांना गाता येईल असं एखादं साधं गीत लिहायचं. त्या दिवसासाठी त्याने लिहिलेलं गीत म्हणजे 'अमेझिंग ग्रेस'. तुम्ही सगळ्यांनी ते गायलंय. गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाने जी, सी, डी एवढ्यावर ते वाजवलंय. आपण ज्या चालीत गातो ती चाल मात्र त्याची नव्हे. ती अमेरिकेत १८३५ साली या शब्दांना जोडली गेली, तोवर लिहिणारा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या पाळकाचं नाव जॉन न्यूटन. (सफरचंदवाला नव्हे. हा प्रश्न मला दर वेळी इंजिनिअरच विचारतात.)

न्यूटनची साक्ष मी आमच्या तरुण संघात निदान पाच-सहा वेळा तरी सांगितली असेल. माझी आवृत्ती अशी होती : गुलामांचं जहाज, भयंकर वादळ, गुडघे टेकून प्रार्थना, जहाज वाचलं, माणसाने गुलामांचा धंदा तिथल्या तिथे सोडला आणि गीत लिहिलं. पाच मिनिटांत संपते, डोळ्यांत पाणी येतं, शेवटी गिटार उचलायची. गेल्या वर्षी हीच गोष्ट सांगून झाल्यावर मागे बसलेल्या, लॉ करणाऱ्या एका मुलीने हात वर केला. तिने विचारलं, दादा, त्या जहाजाच्या तळात जी माणसं होती त्यांचं काय झालं? त्यांच्यासाठी कृपा कुठे होती? मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, यावरूनच ते कसं असेल ते समजा.

घरी येऊन वाचायला बसलो. तेव्हा कळलं की माझ्या पाच मिनिटांच्या गोष्टीत तीन-चार ठिकाणी चूक आहे, आणि जिथे चूक आहे नेमकं तिथेच पाप आणि कृपा यांबद्दल शिकण्यासारखं आहे.

जॉनचा जन्म १७२५ सालचा, लंडनमधल्या वॅपिंग भागातला. थेम्सच्या काठची ही खलाशांची वस्ती. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान, त्यामुळे घरी कमी आणि समुद्रावर जास्त. आई एलिझाबेथ भक्तिमान होती. एकुलत्या एका मुलाला तिने लहानपणीच वचनं, प्रश्नोत्तरावली आणि गीतं पाठ करवली. त्याने देवाची सेवा करावी अशी तिची इच्छा होती. जॉनला सात पूर्ण व्हायच्या थोडं आधी ती क्षयाने गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, मुलाला दोनेक वर्षं बोर्डिंगमध्ये ठेवलं, आणि अकराव्या वर्षी तो वडिलांबरोबर समुद्रावर गेला.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात आपल्या ओळखीचंच सगळं आहे. भक्तीची लाट यायची, उपास, बायबल, कडक नियम, मग लाट ओसरायची. पुढे एक तत्त्वज्ञानाचं पुस्तक हाती लागलं, ते वाचून वाचून त्याने पाठ केलं, आणि श्रद्धा हळूहळू निसटली. सतरा वर्षांचा असताना चॅटहॅमला आईच्या मैत्रिणीच्या घरी गेला आणि तिच्या मुलीच्या, मेरीच्या, प्रेमात पडला. ती तेव्हा चौदाचीही नव्हती. वडिलांच्या एका व्यापारी मित्राने त्याला जमैकाला चांगली नोकरी लावली होती. तो मुद्दाम चॅटहॅमला रेंगाळला आणि जहाज चुकवलं.

१७४४ मध्ये इंग्लंड फ्रान्सशी युद्धाच्या तयारीत होतं आणि नौदलाची माणसं रस्त्यावरून तरुणांना सरळ उचलत होती. न्यूटनलाही असंच उचलून 'हार्विच' या युद्धनौकेवर चढवलं. वडिलांच्या ओळखीने कनिष्ठ अधिकाऱ्याची जागा मिळाली. तरी तो प्लिमथला पळून गेला, पकडला गेला, सगळ्यांसमोर उघड्या पाठीवर फटके खाल्ले आणि साधा खलाशी झाला. कप्तानाला मारून स्वतःही मरावं असे विचार त्याच्या मनात येत होते, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. मेरीच्या नजरेत आपण काय ठरू, एवढ्या एका विचाराने तो थांबला. देवाच्या भीतीने नव्हे.

मदेरा बेटाजवळ त्याची बदली आफ्रिकेला जाणाऱ्या एका गुलाम-जहाजावर झाली. तिथून तो सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे नोकरीला राहिला, प्लांटेन नावाच्या बेटावर. इथे नशीब उलटलं. तो तापाने आजारी पडला. व्यापाऱ्याबरोबर राहणारी आफ्रिकी बाई प्रतिष्ठित घराण्यातली होती, तिला हा माणूस अजिबात आवडला नाही. ताटातलं उष्टं मिळायचं, कधी तेही नाही. रात्री लपून जमिनीतली मुळं उपटून कच्ची खायचा. साखळदंडातले काही गुलाम स्वतःच्या वाट्याचं अन्न त्याला गुपचूप आणून द्यायचे.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. कृपा कुठे होती या प्रश्नाचं एक उत्तर इथे सापडतं, फक्त दिशा उलटी आहे. ज्यांना काहीच मिळत नव्हतं त्यांनी त्याला वाढलं.

याच दिवसांतली एक गोष्ट माझ्यासारख्याला जवळची वाटते. त्याच्यापाशी एकच पुस्तक उरलं होतं, युक्लिडची भूमिती. किनाऱ्यावर जाऊन तो काठीने वाळूत आकृत्या काढायचा आणि प्रमेयं सोडवायचा. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, आणि माणूस सिद्धता लिहितोय. पहिली सहा पुस्तकं त्याने अशीच पुरी केली.

दुसरी गोष्ट लिंबांची. व्यापाऱ्याने त्याला लिंबाची रोपं लावायला बसवलं होतं. शेजारून जाता जाता मालक टोमणा मारून गेला, की कुणी सांगावं, या झाडांना फळं येईपर्यंत तू इंग्लंडला जाशील, कप्तान होशील आणि परत येऊन तीच लिंबं तोडशील. ही लिंबं लक्षात ठेवा.

इकडे वडिलांनी शोध चालू ठेवला होता. १७४७ च्या सुरुवातीला 'ग्रेहाउंड' नावाचं जहाज त्याला घ्यायला आलं. तोवर त्याला दुसरा, बरा मालक मिळाला होता आणि परतायची इच्छाच नव्हती. शेवटी कप्तानाने वारसाहक्काने पैसा मिळाल्याची थाप मारून त्याला जहाजावर चढवलं.

आता माझी पहिली चूक. 'ग्रेहाउंड' हे गुलामांचं जहाज नव्हतं. त्यात सोनं, हस्तिदंत, रंगाचं लाकूड आणि मेण होतं. या प्रवासात न्यूटनची जीभ इतकी घाण होती की शिव्या देण्यात मुरलेल्या कप्तानालाही ती सहन होईना. मार्च १७४८ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये वादळाने जहाजाची एक बाजू फोडली. न्यूटन झोपेतून उठून वर धावत होता, तेवढ्यात कप्तानाने त्याला सुरी आणायला खाली पाठवलं. त्याच्या जागी जो वर गेला तो लाटेबरोबर वाहून गेला. तासन्‌तास पंप मारला, मग रात्रीपर्यंत सुकाणू धरलं. पाण्यावर तरंगणारं मेण आणि लाकूड भरलेलं होतं म्हणूनच ते जहाज बुडालं नाही. पंप मारता मारता त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, की यानेही भागलं नाही तर देवच दया करो. स्वतःचे शब्द ऐकून तोच दचकला. त्याच्यासारख्यावर देव का म्हणून दया करील?

साधारण चार आठवड्यांनी, अन्न संपत आलेलं असताना, ते जहाज आयर्लंडच्या लॉख स्विली खाडीत लागलं. वादळाची तारीख, नव्या दिनदर्शिकेप्रमाणे २१ मार्च, न्यूटनने आयुष्यभर पाळली. उपास, प्रार्थना, आठवण.

माझी गोष्ट इथे संपायची. त्याचं आयुष्य मात्र इथून चालू झालं आणि ते भलतीकडेच गेलं.

त्याच वर्षी तो एका गुलाम-जहाजावर पहिला अधिकारी म्हणून परत आफ्रिकेला गेला. होय, वादळानंतर. तिथे पोचेपर्यंत प्रार्थना सुटली, जुन्या सवयी परत आल्या. मग त्याच प्लांटेन बेटावर ताप आला, आणि अंगात त्राण नसताना एका कोपऱ्यात जाऊन त्याने स्वतःला देवाच्या हवाली केलं. घरी परतून फेब्रुवारी १७५० मध्ये मेरीशी लग्न केलं. आणि मग तीन सफरी, या वेळी कप्तान म्हणून : 'ड्यूक ऑफ अर्गाइल'वर एक, 'आफ्रिकन'वर दोन. १७५० ते १७५४.

या सफरींची त्याची रोजनिशी आजही आहे. मी रोज लॉग वाचून पोट भरणारा माणूस. टाइमस्टॅम्प, आयडी, स्टेटस. न्यूटनचा लॉग वाचताना हात थंड पडले, कारण रचना तीच आहे. वारा कुठला, किती माणसं विकत घेतली, कुठल्या नंबरचा गुलाम मेला आणि समुद्रात टाकला. नाव नाही, नंबर. डिसेंबर १७५२ मध्ये बंडाचा संशय आला तेव्हा पोरांना बेड्या घालून त्यांचे अंगठे स्क्रूत दाबले, कबुलीसाठी, हेही वाऱ्याच्या दिशेइतक्याच शांतपणे नोंदवलंय.

आणि हाच माणूस दर रविवारी दोनदा खलाशांना जमवून उपासना घेत होता. केबिनमध्ये बसून बायबल वाचत होता, लॅटिन शिकत होता, बायकोला आठवड्याला दोन-तीन पत्रं लिहीत होता, आणि ती पत्रं खरोखर सुंदर आहेत. एका सफरीत एकही गुलाम किंवा खलाशी दगावला नाही म्हणून त्याने देवाचे आभार मानले. पुढे १७६४ मध्ये त्याने लिहिलं की देवाच्या सहवासाचे सर्वांत गोड तास त्याला गिनी किनाऱ्याच्या शेवटच्या दोन सफरींत मिळाले. पायाखालच्या फळ्यांच्या खाली माणसं साखळीत होती.

लिंबांची गोष्टही खरी झाली. कप्तान होऊन तो प्लांटेनला परतला आणि स्वतः लावलेल्या झाडांची पहिली लिंबं त्याने तोडली. जुना मालक जिवंत होता, त्याने ते पाहिलं. न्यूटनने ही हकीकत देवाच्या अद्‌भुत योजनेचा पुरावा म्हणून सांगितली. ज्या मातीत तो स्वतः उष्ट्यावर जगला, जिथे साखळीतल्या माणसांनी त्याला आपल्यातलं दिलं, तिथेच तो माणसं विकत घ्यायला आला होता. आणि त्याला दिसली ती लिंबं.

याचं काय करायचं? मला दोन सोपे रस्ते दिसले. एक, तेव्हा त्याचं तारण झालंच नव्हतं, सगळं नाटक होतं. दोन, सगळं रक्ताने धुतलं गेलंय, मग कशाला उकरून काढायचं? पहिल्या रस्त्याने गेलं की आपण वाचतो, कारण आपण काही ढोंगी नाही. दुसऱ्यानेही आपणच वाचतो. दोन्हींत तळातली माणसं वाचत नाहीत.

न्यूटनचं स्वतःचं म्हणणं असं की वादळात फक्त सुरुवात झाली. शिव्या थांबल्या, देव आहे हे पटलं, पण खऱ्या अर्थाने विश्वासणारा तो बराच नंतर झाला. शेवटच्या सफरीत सेंट किट्स बेटावर अलेक्झांडर क्लूनी नावाचा एक कप्तान त्याला भेटला. रोज संध्याकाळी एकमेकांच्या जहाजावर बसून ते बोलत. देव आपल्याला धरून ठेवतो ते आपल्या पकडीच्या जोरावर नव्हे, हे त्याला क्लूनीकडून उमगलं. मला हे मान्य आहे. अडचण एवढीच, की हे उमगल्यावरही तो पुढच्या सफरीची तयारी करत होता. नोव्हेंबर १७५४ मध्ये, निघायच्या दोन दिवस आधी, चहा पिता पिता त्याला झटका आला आणि तो तासभर बेशुद्ध पडला. डॉक्टर नको म्हणाले म्हणून त्याने समुद्र सोडला.

माझी सर्वांत मोठी चूक ही. त्याने धंदा विवेकामुळे सोडला नाही, तब्येतीमुळे सोडला. बेड्या आणि साखळ्यांची शिसारी यायची, यापेक्षा माणुसकीचं काम मिळू दे अशी प्रार्थनाही तो करायचा. पण हे पाप आहे असं तेव्हा वाटलं नाही, हे तो स्वतः लिहितो. कायदेशीर होतं, प्रतिष्ठेचं होतं, मंडळीतली चांगली माणसं त्यात पैसे गुंतवत होती.

आपण पाप म्हटलं की काय मोजतो? शिव्या, दारू, फोनमधल्या गोष्टी, राग. त्या यादीत न्यूटन १७५३ साली जवळजवळ पास होता. पवित्र शास्त्र मात्र पापाला फक्त यादी म्हणत नाही, आंधळेपणाही म्हणतं. यादीतलं पाप कबूल करता येतं. जे दिसतच नाही ते कबूल कसं करणार?

इथे मला माझं सांगायला हवं, नाहीतर हे सगळं अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसावर ढकलून मी मोकळा होईन. तुलना बरोबरीची नाही, तसं म्हणणंही त्या माणसांचा अपमान होईल. काही वर्षांपूर्वी मी एका डिलिव्हरी ॲपवर काम करत होतो. एक नियम मी लिहिला होता : रायडरने एका शिफ्टमध्ये तीन ऑर्डर नाकारल्या की त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह आपोआप शून्य. टेबलमध्ये रायडर म्हणजे एक नंबर. कोड स्वच्छ होता, रिव्ह्यूमध्ये कौतुक झालं. एका संध्याकाळी ऑफिसखालच्या टपरीवर एक रायडर दुसऱ्याला फोन दाखवत होता. टायर पंक्चर झाला म्हणून ऑर्डरी सोडल्या आणि बारा तासांचा इन्सेंटिव्ह गेला. मी माझा नियम ओळखला. कटिंग संपवून वर गेलो. कुणाला काही बोललो नाही. त्या रविवारी उपासनेत गीतं मीच घेतली, आणि हो, त्यात हे गीतही होतं. नंतर ती नोकरी सोडली ती पगारासाठी.

न्यूटनकडे परत येऊ. लिव्हरपूलच्या बंदरात येणारी जहाजं तपासण्याची सरकारी नोकरी त्याला मिळाली. ग्रीक आणि हिब्रू शिकला. पाळक व्हायचं ठरवलं तर बिशपांनी वर्षानुवर्षं नकार दिला. शेवटी लॉर्ड डार्टमथच्या शब्दाने १७६४ मध्ये दीक्षा मिळाली आणि तो ऑल्नीला गेला. गाव गरीब, घरोघरी बायका-मुलं लेस विणून पोट भरणारी. गीतं तो याच लोकांच्या प्रार्थनासभांसाठी लिहायचा, म्हणून शब्द साधे.

तिथेच विल्यम कूपर हा कवी त्याच्या शेजारी राहायला आला (स्पेलिंग काउपर, उच्चार कूपर). दोघांनी मिळून 'ऑल्नी हिम्स' हा संग्रह केला, जो १७७९ मध्ये छापला गेला. कूपरला तीव्र नैराश्याचा आजार होता. ज्या जानेवारीत कृपेचं ते गीत पहिल्यांदा ऑल्नीत गायलं गेलं, त्याच महिन्यात तो कोसळला. देवाने आपल्याला कायमचं टाकून दिलंय अशी त्याची खात्री झाली आणि मरेपर्यंत ती गेली नाही. पुन्हा तो चर्चमध्ये गेला नाही. न्यूटनने त्याला वचनं फेकून मारली नाहीत. वर्षाहून जास्त काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, त्याच्याबरोबर चालायला जात राहिला. तरुण संघात 'विश्वास ठेव, सगळं ठीक होईल' असं कुणाला म्हणायच्या आधी मला आता हे घर आठवतं.

त्याच घराच्या माळ्यावर त्याची अभ्यासिका होती. समोर दिसेल अशी दोन वचनं त्याने शेकोटीच्या वर रंगवून घेतली होती. एक यशया ४३ मधलं, तू माझ्या दृष्टीने मोलवान आहेस अशा अर्थाचं. दुसरं अनुवाद १५:१५, तू मिसर देशात दास होतास आणि देवाने तुला सोडवलं याची आठवण ठेव, अशा अर्थाचं. प्लांटेन बेटावरची आपली दास्यता विसरू नये म्हणून.

बायबल उघडा आणि अनुवाद १५ मध्ये वचन १२ पासून वाचा. ते कशाबद्दल आहे? दासाला सातव्या वर्षी मोकळं करण्याबद्दल. आणि रिकाम्या हाताने पाठवू नकोस, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं भरभरून दे. का? कारण तूही दास होतास. न्यूटनच्या भिंतीवर कारण होतं. आज्ञा त्याच्या अगदी वरच्या ओळींत होती, भिंतीवर न आलेली. त्या भिंतीसमोर बसून तो वर्षानुवर्षं उपदेश लिहीत होता, आंधळेपणाची आणि दृष्टीची प्रतिमा असलेलं ते गीतही ऑल्नीच्याच दिवसांतलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहायला तेव्हा आणखी पंधरा वर्षं होती.

१७८० मध्ये तो लंडनला सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये गेला. डिसेंबर १७८५ मध्ये सव्वीस वर्षांचा एक खासदार लपतछपत त्याच्याकडे आला. चौकाला फेरी मारली, मग धीर करून दार वाजवलं. तो विल्यम विल्बरफोर्स. नवा विश्वास मिळाला होता, राजकारण सोडावं का हे विचारायचं होतं. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं. दोन वर्षांत विल्बरफोर्सने गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न हाती घेतला.

आणि १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी, न्यूटनने आफ्रिकी गुलाम-व्यापाराबद्दलची आपली पुस्तिका छापली. सुरुवातच कबुलीने आहे. या कामात आपला हात होता, याची जाहीर लाज आपण घेतली पाहिजे आणि ही कबुली फार उशिरा येते आहे, असं तो सांगतो. मग साक्षीदारासारखा बोलतो. तळात माणसं कपाटातल्या पुस्तकांसारखी एकाला एक चिकटून कशी झोपवत. सकाळी जिवंताला मेलेल्याबरोबर एकाच बेडीत कसं सापडत. बायकांवर काय होई. एका अधिकाऱ्याने तान्हं मूल रडतं म्हणून आईच्या हातातून ओढून समुद्रात कसं फेकलं. त्याच्या १७५३ च्या पानांवर जे नंबर होते, त्यांना इथे अंग आहे, आवाज आहे. पुस्तिका खासदारांना वाटली गेली. पुढे प्रिव्ही कौन्सिलसमोर आणि संसदेच्या समितीसमोरही त्याने साक्ष दिली. कूपरनेही, स्वतःच्या अंधारात राहून, त्याच वर्षी गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिल्या.

विल्यम केरी १७९३ मध्ये भारताकडे निघण्याआधी याच न्यूटनला भेटला होता. पुढे श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा तो केरी. इतका जवळचा धागा आहे हे मला माहीत नव्हतं.

मेरी १७९० मध्ये कर्करोगाने गेली. न्यूटनने तिच्यासाठी उपदेश स्वतः केला. नजर जवळजवळ गेली, आठवण सुटू लागली, तरी ऐंशी उलटेपर्यंत तो उपदेश करत राहिला. ब्रिटिश जहाजांवरचा गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा २५ मार्च १८०७ ला झाला, आणि २१ डिसेंबरला न्यूटन गेला. कायद्याने व्यापार थांबला, गुलामगिरी नव्हे. ब्रिटिश वसाहतींत ती मोडणारा कायदा १८३३ साली आला.

त्या मुलीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. कृपा न्यूटनपर्यंत पोचली हे मी मानतो, आणि ती त्याच्या लायकीवर थांबली असती तर पोचलीच नसती. पण ती त्याच्यात चाळीस वर्षं काम करत होती तेव्हा नंबर पडलेली माणसं वाट बघत नव्हती, मरत होती. ही दोन वाक्यं मी एकमेकांत मिसळून गोड करू शकत नाही. दाविदासारखं जाऊन बसतो, एवढंच.

एक गोष्ट मात्र तिला सांगता आली. न्यूटनच्या पुस्तिकेनंतर एका वर्षाने, १७८९ मध्ये, लंडनमध्ये ओलाउदा इक्वियानोचं आत्मचरित्र छापलं गेलं. लहानपणी पळवून नेलेला, विकला गेलेला, स्वतःचे पैसे साठवून स्वातंत्र्य विकत घेतलेला हा माणूस. तोही ख्रिस्ताची कृपा मिळाल्याचं लिहितो. आणि ज्यांनी त्याला विकलं ते स्वतःला ख्रिस्ती कसे म्हणवतात, हेही विचारतो. तळातून आलेली साक्ष, नावासकट.

अनुवाद १५ ची ती वचनं आणि या पुस्तकाचं नाव मी तिला गेल्या रविवारी पाठवलं. अजून निळ्या टिका आलेल्या नाहीत. परीक्षा चालू आहेत तिच्या, प्रार्थनेत आठवण ठेवा.

उद्याचं वाचन : १ इतिहास १८